ट्युशन एरिया नेमका कुठं संपतो?

वहिनीच्या मेसच्या बोर्डावर शेवटची ओळ होती, "ट्युशन एरियात डबा घरपोच, जादा पैसे नाहीत." भांडण त्या ओळीवरून लागलं.

लातूरला अकरावी-बारावीला आणि नीटच्या तयारीला नांदेड, परभणी, हिंगोलीपासून पोरं येतात. उद्योग भवनाच्या आजूबाजूला त्यांच्या क्लासेसची, हॉस्टेलांची, मेसची आणि चहाच्या टपऱ्यांची जी दाटी झालीय, तिला सगळं शहर ट्युशन एरिया म्हणतं. महापालिकेच्या पाटीवर हे नाव मी तरी कधी वाचलेलं नाही. कागदोपत्री तिथं सिग्नल कॅम्प आहे, मोतीनगर आहे, शिवनगर आहे. पण स्टँडवर उतरलेलं पोरगं ऑटोवाल्याला "ट्युशन एरिया" एवढंच सांगतं आणि बरोबर पोहोचतं.

तर खाडगाव रोडकडं राहणारा एक पोरगा महिन्याचे पैसे द्यायला आला. वहिनीनं डबा पोहोचवायचे दोनशे जादा मागितले. तो म्हणाला, "मावशी, मी ट्युशन एरियातच राहतो की."

"खाडगाव रोड कधीपासून ट्युशन एरिया झाला रे?"

त्यानं हॉस्टेलची पावती काढून पुढं धरली. वर हॉस्टेलचं नाव आणि खाली छापलेलं, 'ट्युशन एरिया, लातूर'. वहिनीनं पावती उलटीपालटी करून बघितली आणि मला हाक मारली, "भाऊजी, तुम्ही ते नकाशाचं करता ना? दाखवा बरं ह्याला कुठं संपतो ते."

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान मेसला लागूनच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ओपनस्ट्रीटमॅपवर बसतो. 2004 साली सुरू झालेला हा नकाशा लोकांनी लोकांसाठी भरलेला आहे. आपापल्या भागातले रस्ते, विहिरी, शाळा, देवळं ज्यानं त्यानं टाकायची, दुसऱ्याचं चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. मोठी अट ही, की परवानगी नसताना दुसऱ्या कुणाच्या नकाशावरून बघून उतरवायचं नाही. मी आधी आमच्या भागातले बोळ टाकले, मग हापसे, मग देवळं. हापसा जिथं आहे तिथं आहे, त्याला हद्द नसते. त्यामुळं हे काम सोपं आहे असाच माझा समज होता.

त्या रात्री दहा मिनिटांत मी ट्युशन एरियाची हद्द आखून टाकली. रेघ कुठून तरी न्यायची म्हणून रस्त्या-रस्त्यानं नेली. सहा कोपऱ्यांची चांगली आकृती झाली. खाडगाव रोड बाहेर राहिला, आणि तो बाहेर राहावा हे आकृती काढायच्या आधीच ठरलेलं होतं हे आता कबूल करायला हरकत नाही. पोरानं दोनशे दिले. जाताना एवढंच म्हणाला, "काका, हे तुम्हीच काढलंय ना?"

तिसऱ्या दिवशी माझ्या बदलाखाली एक निरोप आला. लिहिणारा बरीच वर्षं हे काम करणारा होता. त्यानं विचारलं होतं, ही रेघ कशावरून काढली? उद्या मी तिथं आलो तर मला ती जागेवर कुठं दिसेल? मला राग आला. मी लिहिलं, मी इथलाच आहे. त्याचं उत्तर आलं, इथले आहात म्हणूनच विचारतोय.

नियम असा की नकाशावर जे टाकाल ते दुसऱ्या माणसाला जागेवर जाऊन पडताळता आलं पाहिजे. महापालिकेची, तालुक्याची हद्द सरकारी कागदात असते, तिची रेघ काढता येते. ज्या जागेचं नाव लोकांच्या तोंडी आहे पण कड कुणी ठरवलेली नाही, तिच्यासाठी बहुतेक लोक एक ठिपका टाकतात. ठिपक्याचा अर्थ 'हे नाव इथं आहे' एवढाच, कुठवर आहे ते तो बोलत नाही. मी आकृती पुसली. पण ठिपका तरी कुठं टाकायचा? माझ्या दुकानासमोर?

मग मी विचारायचं ठरवलं, आणि विचारण्यात माझे दोन-तीन आठवडे गेले.

ए-थ्री कागदावर त्या भागाचा नकाशा छापला आणि काउंटरवर पेन बांधून ठेवला. फॉर्म भरायला येईल त्याला म्हणायचं, प्रिंट निघेपर्यंत ट्युशन एरिया काढून दे. पहिले आठ-दहा कागद वाया गेले. रस्ते मी ठळक छापले होते, म्हणून सगळ्यांनी माझ्यासारखीच रस्त्यावरून रेघ ओढली. दुसऱ्या खेपेला रस्ते फिकट केले, नावं काढून टाकली, ओळख पटावी म्हणून शिवाजी चौक आणि उद्योग भवन तेवढं ठेवलं. आता रेघा गोल यायला लागल्या. तरी बॉलपेन हातात आला की माणूस कड काढतो, आणि कड काढली की ती खरीच असल्यासारखी वागवतो. एका पोरीनं रेघ काढली, खोडली, परत काढली आणि विचारलं, "सर, चुकलं तर?" तेव्हा मी पेन काढून तिथं पिवळा हायलायटर ठेवला.

हायलायटरनं फरक पडला. त्यानं लोक कड काढत नाहीत, सारवल्यासारखं फासतात. मधे खात्री असते तिथं हात दोनतीनदा फिरतो, रंग गडद होतो. बाहेर जाताना हात सैल पडतो. कुणी सांगायला नको, कागदच सांगतो की हा माणूस इथपर्यंत ठाम आहे आणि इथून पुढं हो-नाही करतोय.

जूनमध्ये आलेल्या पोरांनी स्वतःचा क्लास, हॉस्टेल आणि मधली वाट एवढंच रंगवलं, एखाद्या सांडलेल्या चहाएवढं. रिपीटर पोरांचे डाग मोठे, त्यांनी दोन वर्षांत तीन हॉस्टेलं बदललेली असतात. खोल्या भाड्यानं लावून देणाऱ्या एका गृहस्थांनी तर कागद पुरला नाही म्हणून खाली टेबलावर रंग नेला. सिग्नल कॅम्पला तीस-चाळीस वर्षं राहणाऱ्या एका काकूंनी हायलायटरला हातच लावला नाही. "आम्ही सिग्नल कॅम्पला राहतो. ते ट्युशन एरिया बाहेरच्या पोरांनी काढलेलं." त्यांचा कोरा कागद मी इतरांबरोबरच ठेवला.

सगळ्यात उपयोगाचा कागद एका ऑटोवाल्याचा. त्यानं आधी विचारलं, "कधीचा काढू?" मला कळेना. तो म्हणाला, "सकाळी सहाला अन् रात्री क्लास सुटल्यावर एरिया मोठा असतो. दुपारी बारीक होतो." त्यानं दोन डाग काढले, एकात एक. आणि वर म्हणाला, "सीट कुठं उतरवायचं तेवढं कळलं की झालं, हद्द कुणाला पाहिजे?" हद्द वहिनीला पाहिजे होती, पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

तीसेक कागद झाल्यावर ते स्कॅन केले आणि क्यूजीआयएसमध्ये एकावर एक बसवायला घेतले. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्कॅनच्या चार कोपऱ्यांचे खरे अक्षांश-रेखांश दिले की कागद जागेवर बसतो. माझे निम्मे बसेनात. शिवाजी चौक दोन दिसायला लागले. रात्री एक वाजेपर्यंत मी अक्षांश-रेखांश तपासत होतो. चूक निघाली माझ्याच धंद्यातली: एका गठ्ठ्याची प्रिंट काढताना 'फिट टू पेज'वर खूण राहिली होती, त्यामुळं नकाशा थोडा आक्रसला होता. रोज गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो, की आधार कार्ड फिट टू पेजवर काढू नका, मोठं होतं.

सगळे कागद पारदर्शक करून एकमेकांवर ठेवले तेव्हा उद्योग भवनाच्या बाजूला गडद पिवळा गोळा उमटला. एकमत तिथंच. बाकी सगळीकडं रंग विरत गेलेला. एक शेपूट शिवाजी चौकाकडं, एक जुन्या रेल्वे स्टेशनकडं (गाडी तिथून कधीच हलली, नाव हललं नाही), आणि एक पातळ ओघळ खाडगाव रोडकडं. तीन-चार कागदांवर तरी तो पोरगा खरा होता.

असं करणारा मी पहिला नाही हे नंतर वाचण्यात आलं. अमेरिकेतल्या सांता बार्बरा शहरात संशोधकांनी लोकांच्या हातात नकाशा देऊन 'डाउनटाउन' काढायला लावलं होतं, ते काम 2003 साली छापून आलं. तिथंही रेघा ज्याच्या त्याच्या, मधला गाभा मात्र बराचसा सारखा. वाचून बरं वाटलं, थोडं वाईटही. मला वाटलं होतं हायलायटर तरी आपला.

ठिपका मी त्या गडद गोळ्यात टाकला, त्याला वस्तीचा टॅग लावला आणि विषय संपवला. वहिनीला कागद दाखवला. तिनं खाडगाव रोडकडचा ओघळ बघितला, काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात त्या पोराकडून शंभर घेतले.

गोलाईचं तरी बरं आहे असं मला वाटायचं. गंजगोलाई गोल, सोळा रस्ते तिथून फुटतात, मध्य कुठं हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या सोळांपैकी कुठल्याही रस्त्यानं चालत निघा आणि दुकानदारांना पत्ता विचारत जा. गोलाई दिसेनाशी झाली तरी बराच वेळ "गोलाईतच" ऐकू येतं.

जिल्ह्याबाहेर गेलं की हेच मोठ्या अंगानं भेटतं. माझी आत्या गेवराईकडं दिलेली. ती लोक स्वतःला गंगथडीचे म्हणवतात. गंगा म्हणजे गोदावरी, मराठवाड्यात दुसरं नाव कुणी घेत नाही. आत्याला विचारलं, गंगथडी कुठवर? ती म्हणाली, "जिथवर काळी जमीन अन् गंगेचं पाणी." तिच्या दिराला विचारलं तर त्यानं चार गावं कमी केली, त्यातल्या एका गावाशी त्यांचं सोयरिकीवरून वाकडं आहे. बालाघाटाचंही तसंच. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणं आम्ही लातूरवाले बालाघाटाच्या पठारावरच बसलोय. पण आमच्याकडं कुणालाही विचारा बालाघाट कुठं, तो बीडकडं हात करतो. ह्या दोन नावांना मी हात लावला नाही. माझा हायलायटर तेवढा मोठा नाही.

त्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे खूळ बरोबर होतं. आमचं गाव औसा तालुक्यातलं. शिवारातली नावं टिपून घ्यावीत असं मनात होतं, कारण ती सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मागं मागं मोबाइल घेऊन वावरातून फिरायला लागलो.

"काय करलालास रे, मोबाइल वर धरून?"

"नावं लिहून घेतोय अण्णा."

"सातबाऱ्यावर हायत की."

सातबाऱ्यावर गट नंबर असतो. त्याची हद्द पक्की, मोजणीची. पण गट नंबर बोलतो कोण? बँकेत, पीकविम्याला, आणि 2021 पासून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये तेवढा तो लागतो. घरात "आज वढ्याकडच्यात फवारणी" असंच म्हणतात. आमचं एक वावर 'लिंबाचं'. तो लिंब मी पाहिलेला नाही, माझ्या जन्माआधीच तुटला. तिघा भावांत वाटण्या झाल्यावर त्या वावराचे तीन तुकडे झाले, आणि तिन्ही घरं आपल्या तुकड्याला लिंबाचंच म्हणतात. थोरल्या चुलतीला विचारलं तर ती म्हणाली, लिंब आमच्यात होता, खुंट बी हाय. अण्णांना विचारलं. ते धुऱ्यावर उभे राहिले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि आवाज बारीक करून म्हणाले, "खोड त्यांच्यात. फांद्या आपल्यात."

घराघरातली नावं मी नकाशावर टाकली नाहीत. सगळं गाव ज्यांना ओळखतं अशी टाकली, इनामाचा माळ, बारवेची पट्टी, वढ्यावरचा उतार. तीही ठिपके म्हणूनच. इनामाच्या माळाचा ठिपका चारदा सरकवला. गुराख्याचा माळ चराईपुरता, तो बाभळीपाशी संपतो. मोटारसायकलवरून जाणाऱ्याचा चढ लागला की सुरू होतो आणि उतार लागला की संपतो.

एका ठिकाणी अडलो. म्हातारी माणसं वाट सांगताना एका वस्तीचं नाव जुन्या, जातीच्या नावानं घेत होती. वाईट हेतूनं नाही, जीभ वळलेली. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय केला, पण बोलण्यात ती अजून आहेत. नकाशाच्या शिस्तीनं बघायला गेलं तर लोकांच्या तोंडी आहे ते नाव टिपायला हवं, किमान 'जुनं नाव' म्हणून तरी. मी त्या वस्तीतल्या एका पोराला विचारलं. त्यानं पाटीकडं बोट केलं, भीमनगर. "हे दिसत नाही का?" मी तेवढंच लिहिलं. जुन्या नावाचा रकाना रिकामा ठेवला. तोंडी असलेलं प्रत्येक नाव नकाशावर यायलाच पाहिजे असं मला वाटत नाही, आणि ते कुठलं हे त्या जागी न राहणाऱ्यानं ठरवू नये.

राहिलं जुनं गाव.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकते अंथरुणावर पडले होते, तेव्हा भूकंप झाला. आमच्या भागातली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवदाचा भार. पुढं 52 गावं मूळच्या जागेवरून उठवून दुसरीकडं वसवली, आमचं त्यातलंच एक. मी तेव्हा पहिलीत होतो. तीस वर्षं उलटून गेली तरी आताच्या गावाला 'नवं गाव' म्हणतात. नव्या गावात रस्ते सरळ, प्लॉट सारखे, नकाशा काढायला एक दुपार पुरली. जुन्या गावात वेड्या बाभळी आणि पांढऱ्या मातीचे ढीग.

तरी अण्णा तिथं नावानंच चालतात. इथून वेस. वेशीतून आत आलं की मारुतीचा पार. पाराच्या डाव्या हाताला सुताराचा नेट, म्हणजे त्याची कामाची जागा, तिथून पुढं वरली आळी. मला बाभळी दिसत होत्या. ते चालताना एका जागी वळसा घालून गेले. मी विचारलं, सरळ का नाही? म्हणाले, "तिथं भिंत व्हती." आणि मग स्वतःच थांबले.

वेशीचा ठिपका मी त्यांना उभं करून टाकला. मोबाइलचा जीपीएस उघड्यावर पाचेक मीटर इकडंतिकडं होतो, म्हणून जरा वेळ थांबायला सांगितलं. ते वेशीत उभे असल्यासारखे थांबले, एका बाजूला सरकून, बैलगाडीला वाट ठेवून.

दुसऱ्या दिवशी धाकट्या काकांना तिथं नेलं. ते म्हणाले, वेस हितं कुठली, वीस पावलं खाली. तेही ठाम. काकांनी एका दगडाचा पुरावा दिला, अण्णांनी विहिरीचा. विहीर बुजलेली आहे आणि दगड कुणी हलवला नसेल असं नाही. जुनं गाव कुठून कुठवर, हे दोघांना एकदमच विचारलं. अण्णांनी गावकुसाबाहेरची चार घरं आत घेतली. काकांनी सोडली.

शेवटी गावाचा एकच ठिपका ठेवला, उठून गेलेल्या गावाला जो टॅग असतो तो लावून. वेशीचा ठिपका दोघांच्या मधे टाकला आणि टिपेत लिहिलं, अंदाजे.

काकांनी चष्मा लावून मोबाइल बघितला. बोटानं नकाशा लहान-मोठा केला. मग विचारलं, "आपलं घर कुठंय ह्याच्यात?"

नव्हतं. खाजगी घरांवर राहणाऱ्यांची नावं त्या नकाशावर टाकत नाहीत, आणि हे घर तर जागेवरही नाही. मी त्यांना तसं सांगितलं. संध्याकाळी अण्णा म्हणाले, तुझ्या दुकानातला तो मोठा कागद हाय का बरोबर? पिशवीत दोन कोरे होते. दोघं भाऊ ओसरीवर कागद पसरून बसले. मी हायलायटर दिला तर अण्णांनी तो बाजूला ठेवला आणि पेन मागितला.